बडोदे जिल्ह्यातील नदीकाठची गावे आणि पुराचा इशारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यातील मराठी मंडळांत, शिक्षक-डॉक्टरांच्या बैठकांत आणि खेड्यात शेती असलेल्या कुटुंबांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शहरात राहून नदीकाठच्या गावांशी संबंध ठेवणाऱ्या आणि तेथे पूर्वतयारीच्या कामात हातभार लावू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी ती प्रामुख्याने लिहिली आहेत. सरकारी यंत्रणेचा इशारा हाच अधिकृत इशारा असतो. तो शेवटच्या घरापर्यंत समजेल अशा रूपात कसा पोहोचवावा, एवढाच या पानाचा विषय आहे.

बडोदे शहरात, दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्यांचा खेड्यांतील पुराशी काय संबंध?

पादरा, डभोई, करजण, वाघोडिया या तालुक्यांत अनेक मराठी कुटुंबांच्या जमिनी आहेत आणि त्या कसणारी माणसे शेतावरच राहतात. याखेरीज गावातील शाळेत शिकवायला जाणारे, दवाखाना चालवणारे आणि महाविद्यालयातून शिबिरासाठी जाणारे पुष्कळ जण आहेत. आणीबाणीच्या वेळी अनोळखी क्रमांकावरून आलेल्या संदेशापेक्षा ओळखीच्या माणसाच्या फोनवर लोक अधिक लवकर विश्वास ठेवतात. त्यामुळे अशा प्रत्येकाकडे इशाऱ्याचा एक दुवा आपोआपच आलेला असतो. तो नीट वापरला जातो की अफवा पुढे ढकलण्यासाठी, एवढेच ठरायचे असते.

या जिल्ह्यात पूर येतो तो नेमका कोठून? पाऊस तर सगळीकडे सारखाच पडतो.

पाऊस सारखा पडत नाही आणि पूर तर मुळीच सारखा येत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक नदीचे वागणे वेगळे आहे, आणि गावाची तयारी त्या वागण्यावरून ठरवावी लागते.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. तिच्या पाणलोटात आजव्याचे सरोवर आणि प्रतापपुऱ्याचा तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९२ च्या सुमारास, आजव्याचे सरोवर पूर्ण झाले ते शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी. पूर अडवणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता, हे आजच्या अपेक्षा बाळगताना विसरता कामा नये. पावागडाकडे जोराचा पाऊस झाला की शहरात ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. ३१ जुलै २०१९ रोजी खुद्द शहरावरच अभूतपूर्व पाऊस कोसळला, तर ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोडा पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी सुमारे ३७ फुटांपर्यंत गेले आणि पावसाचा जोर ओसरल्यानंतरही ते वस्त्यांतून लगेच हटले नाही. शहरातील वाहिन्या काळाघोड्याचा आकडा उतरू लागला की ‘पूर ओसरला’ असे सांगू लागतात. परंतु तेच पाणी पुढे करजण तालुक्यात पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते, आणि खालच्या गावांत ते त्यानंतर चढते. शहराच्या बातम्यांवर विसंबून खालच्या गावाने निर्धास्त होणे ही आमच्या मते सर्वात धोकादायक चूक आहे.

ढाढरला देव नदीचे पाणी मिळते आणि देव धरणाचे दरवाजे उघडले की वाघोडिया व डभोई तालुक्यांतील गावांना सावध केले जाते. येथे मिळणारा अवधी तुलनेने थोडा असतो.

नर्मदेचा पूर मुख्यतः धरणांतून सोडलेल्या पाण्याचा असतो. मध्य प्रदेशातील बर्गी, तवा, इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणे ओलांडून पाणी सरदार सरोवरात येते. त्या धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर असून त्याला ३० दरवाजे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये एकाच वेळी फार मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हा चांदोद, कर्नाळी आणि शिनोर-करजणच्या काठावरील गावांत पाणी शिरले, व्यास बेटावर अडकलेल्यांना बचाव पथकांना बाहेर काढावे लागले, आणि भरूचच्या गोल्डन ब्रिजपाशी, जेथे धोक्याची पातळी २४ फूट आहे, पाणी ४० फुटांच्या आसपास पोहोचले. मध्य प्रदेशातील बातमी गुजरातमधील शेतकऱ्याने वाचण्याचे कारण हे आहे: वरच्या धरणांच्या बातम्यांतून दिवसांची आगाऊ सूचना मिळू शकते, सरदार सरोवराच्या विसर्गातून केवळ तासांची.

महीचेही तसेच आहे. राजस्थानातील बजाज सागर, मग कडाणा, वाटेत पानम नदीची भर आणि पुढे वणाकबोरी, अशी तिची साखळी आहे. सावली आणि पादरा तालुक्यांत महीकाठची कोतरे (घळी) खोल असल्याने गावठाण बऱ्याच ठिकाणी उंचावर राहते, पण भाठ्यातील (नदीलगतच्या सखल गाळाच्या जमिनीतील) शेते आणि तेथे मुक्काम करणारी माणसे सापडतात. खालच्या भागात खंभातच्या आखाताची भरती आडवी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पूर उतरायला अधिक वेळ लागतो.

इशारा देते कोण, आणि लाल-नारिंगी-पिवळा म्हणजे काय?

पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो. त्यात पिवळा रंग लक्ष ठेवा, नारिंगी रंग सज्ज राहा आणि लाल रंग कृती करा, असे सांगतो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याहून अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हटले जाते.

नद्यांचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो आणि तोही रंगच वापरतो. तेथे पिवळा म्हणजे पाणी इशारा पातळीच्या वर, नारिंगी म्हणजे धोक्याच्या पातळीच्या वर, आणि लाल म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पातळीला पोहोचलेले किंवा त्यापलीकडे गेलेले. म्हणजे पावसाचा लाल रंग आणि नदीचा लाल रंग यांत फार मोठे अंतर आहे. गावात नुसते ‘रेड अलर्ट आहे’ असे सांगितले तर ऐकणाऱ्याला यांपैकी काय अभिप्रेत आहे ते कळत नाही, आणि पावसाचे लाल इशारे दोन-तीन वेळा कोरडे गेले की नदीच्या लाल इशाऱ्यालाही कोणी भीक घालत नाही.

धरणातून पाणी सोडण्याची सूचना धरणाच्या यंत्रणेकडून जिल्हा प्रशासनाला, तेथून मामलतदार आणि तालुका विकास अधिकाऱ्यांना, आणि त्यांच्याकडून तलाटी व सरपंचांना जाते.

क्युसेक, फूट, मीटर यांचा मेळ कसा घालावा?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. हे गणित शिकवण्यात गैर काही नाही, पण त्यातून गावकऱ्याला हवे असलेले उत्तर मिळत नाही. त्याचा प्रश्न सरळ असतो: पाणी माझ्या ओट्याला लागेल का, आणि लागणार असेल तर केव्हा?

आकड्यांचा गोंधळ शहरातही कमी नाही. आजव्याची पातळी २११, २१२ फूट अशी सांगितली जाते आणि विश्वामित्रीची २०, २६ फूट अशी; ही दोन्ही मापे वेगवेगळ्या शून्यापासून घेतलेली असल्यामुळे त्यांची वजाबाकी करून काहीच हाती लागत नाही. नर्मदेच्या धरणाची पातळी मीटरमध्ये आणि भरूचच्या पुलाची फुटांत येते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की गावापर्यंत जाताना आकड्याने आपला वेश बदललाच पाहिजे. चांदोदला हे परंपरेनेच घडत आले आहे: मल्हारराव घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या, यावरून तेथील माणूस नदी ओळखतो. प्रत्येक गावाला असा एक घाट नसतो, पण खूण करता येते.

मग गावात खुणा कशा कराव्यात?

मागील मोठ्या पुरांत पाणी कोठपर्यंत आले होते, हे वृद्धांना आणि विशेषतः घरातील बायकांना विचारावे. कोणत्या वर्षी चूल विझली आणि कोणत्या वर्षी केवळ अंगण भिजले, हे त्यांच्या पक्के ध्यानात असते. भिंतींवरील जुने डाग, मंदिराची पायरी, दूध मंडळीचा (गावच्या दूध सहकारी संस्थेचा) ओटा, स्मशानाची शेड, पाण्याच्या टाकीचा खांब अशा सर्वांना ठाऊक असलेल्या जागा निवडून तेथे रंगाचे पट्टे मारावेत. साधारण तीन पट्टे पुरतात: पहिला ओलांडला की भाठ्यातील माणसे व गुरे वर आणायची, दुसरा ओलांडला की नदीकडच्या फळियातील (वाडीतील) घरे रिकामी करायची, तिसरा ओलांडला की सखल भागातील सर्वांनी निघायचे.

पट्टे मारून झाले की खरे काम सुरू होते. नदीचा अधिकृत आकडा किती असताना पाणी कोणत्या पट्ट्याला लागते, याची नोंद दर पावसाळ्यात पंचायतीच्या वहीत करून ठेवावी. दोन-तीन हंगामांत त्या वहीतून असा अंदाज तयार होतो, जो कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. नदीपात्रात काही बदल झाला, जसे विश्वामित्रीत २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले, किंवा जवळ नवा रस्ता भराव घालून बांधला गेला, तर जुन्या नोंदींवर आंधळा विश्वास ठेवू नये.

संदेशाचा मसुदा कसा असावा?

त्यात सहा गोष्टी असाव्यात: सूचना केव्हाची आहे, कोणाकडून आली, काय होण्याची शक्यता आहे, कोणी काय करायचे, कोणत्या वेळेपर्यंत, आणि पुढची सूचना केव्हा येईल. नमुना असा:

‘मंगळवार, सायंकाळी ६ वाजता. मामलतदार कचेरीची सूचना आहे. धरणातून पाणी वाढवून सोडले आहे. मध्यरात्रीपर्यंत पाणी स्मशानाजवळच्या दुसऱ्या पट्ट्यापर्यंत येण्याची शक्यता आहे. नदीकडच्या फळियातील सर्वांनी रात्री ९ पूर्वी प्राथमिक शाळेत यावे. गुरांची दावी सोडून त्यांना वरच्या गौचरात न्यावे. कॉजवेवरून कोणीही जाऊ नये. पुढची सूचना रात्री ९ वाजता दिली जाईल.’

शेवटचे वाक्य लोक हमखास गाळतात. ९ वाजता नवे काही कळलेले नसले तरी ‘स्थिती तशीच आहे, पुढची सूचना १२ वाजता’ असे सांगावेच. कारण मधल्या शांततेत लोक घरी परततात. ‘घाबरू नका’ हे वाक्य मात्र लिहू नये. त्याने काय करायचे ते कळत नाही आणि भीतीही कमी होत नाही.

आमची गुजराती यथातथाच आहे. चालेल का?

मसुदा आपण मराठीत करावा, पण गावात तो गावातल्याच माणसाच्या तोंडून जावा. जिल्ह्याच्या पूर्वेकडील काही वस्त्यांत राठवी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी त्यांच्यातीलच एखादा तरुण किंवा आशा कार्यकर्ती शोधावी.

मोबाइलवर संदेश येतोच, मग माइक आणि ढोल कशाला?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अॅप, जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ आणि टॉवरच्या क्षेत्रातील सर्व फोनवर एकदम वाजणारा संदेश या उपयुक्त सोयी आहेत, आणि शक्य तेथे त्या जरूर घ्याव्यात. परंतु पुरात वीजपुरवठा सुरक्षेसाठी बंद केला जातो, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, आणि घरातील एकुलता फोन अनेकदा कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असतो.

गावाचा स्वतःचा संचार आधीपासून असतो. सकाळ-संध्याकाळ दूध भरायला जवळजवळ प्रत्येक घरातील कोणीतरी मंडळीत येते, म्हणून दूध मंडळीचा फळा हा आमच्या दृष्टीने सर्वोत्तम सूचनाफलक आहे. मंदिर आणि मशीद या दोन्ही ठिकाणचे ध्वनिक्षेपक बॅटरीवर चालतील अशी सोय जूनमध्येच करावी. घंटा किंवा ढोल वापरायचा असेल तर त्याचा ठेका आरतीपेक्षा वेगळा ठरवावा, अन्यथा तिन्हीसांजेला दिलेला इशारा कोणाच्याच लक्षात येणार नाही.

वरच्या आणि खालच्या गावांची जोडी लावणेही फार उपयोगाचे ठरते. देव नदीच्या वरच्या गावातील माणसाने खालच्या गावाला ‘आमच्या पुलावरून पाणी वाहू लागले आहे’ एवढे पाहिलेले सांगावे. स्वतःचा अंदाज त्यात मिसळू नये.

इशारा कोणापर्यंत पोहोचत नाही?

ज्यांची नावे गावाच्या कोणत्याच यादीत नसतात, त्यांच्यापर्यंत. शेतात खोपटात राहणारे भागिये (वाट्याने शेती कसणारे), दाहोद-छोटाउदेपूरकडून हंगामी कामाला आलेली कुटुंबे, वीटभट्टीवरील मजूर, ओरसंगच्या पात्रात रेती भरणारे, बेटावर गुरे राखणारे आणि रात्री जाळे टाकायला गेलेले मच्छीमार यांचा शिधापत्रिकेचा पत्ता दुसरीकडचा असतो. ज्यांच्या शेतावर भागिये राहतात, त्या मालकांनी, आणि यात शहरात राहणारे आपले अनेक वाचकही आले, त्यांचे क्रमांक सरपंचांना देणे आणि पहिल्या सूचनेबरोबर स्वतः फोन करणे हे आपले कर्तव्य मानावे. पंपाची राखण करण्यासाठी माणसाला रात्री नदीकाठी थांबवून ठेवणाऱ्या मालकाचे कोणत्याही शब्दांत समर्थन करता येत नाही.

ऐकू न येणारे, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे वृद्ध आणि दिवस भरत आलेल्या गर्भवती यांची यादी आशा व अंगणवाडी कार्यकर्तींकडे असते. प्रत्येकासाठी एक शेजारी आधीच नेमून ठेवावा, आणि गर्भवतींना पहिल्याच इशाऱ्याला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवावे.

लोक घर सोडायला तयार होत नाहीत. काय करावे?

त्यांच्या नकारामागे बहुधा योग्य कारण असते: गुरे, चोरीची भीती आणि निवाऱ्यातील स्वच्छतागृह. गुरांसाठी उंचावरची जागा व चारा ठरलेला असेल, फळियातील दोघे-तिघे सुरक्षित जागेवरून घरांवर नजर ठेवणार असतील, शाळेत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली आणि चालू स्थितीतील स्वच्छतागृह असेल, तर समजावण्याची फारशी गरज उरत नाही. ‘मागच्या वेळी पाणी येथपर्यंत आले नव्हते’ असे म्हणणाऱ्या काकांशी वाद घालू नये. त्यांना खुणेचा पट्टा दाखवावा आणि पाणी तेथे लागले की निघायचे, असा शब्द दिवसाउजेडी घ्यावा. गुरे नेणे शक्य नसेल तर किमान दावे सोडावे.

इशारा दिला आणि पाणी आलेच नाही, तर लोक पुन्हा ऐकतील का?

कारण सांगितले तर ऐकतात. वरच्या भागातील पाऊस थांबला, धरणाने विसर्ग घटवला, अशी जी वस्तुस्थिती असेल ती दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर लिहावी. उलट इशारा वेळेत न पोहोचल्याचे मोल काय असते, ते ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटून मोरबीवर ओढवलेल्या संकटापासून गुजरातला ठाऊक आहे.

मुद्दाम पसरवलेली अफवा मात्र वेगळी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. धरणाच्या दरवाजांच्या जुन्या चित्रफिती दर पावसाळ्यात फिरतात; ज्यावर तारीख आणि वेळ नाही ते पुढे पाठवू नये, इतका साधा नियम पुरेसा आहे.

घरी काय तयार ठेवावे?

आधार, शिधापत्रिका, ७/१२ व ८-अ चे उतारे, बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. नेहमीची औषधे, विजेरी, शिट्टी, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, चार्ज केलेला फोन. बियाणे, खते आणि कीटकनाशके माळ्यावर. निघताना विजेचे मुख्य बटण आणि गॅस बंद.

पाण्यातून चालत किंवा वाहनाने जाणे कितपत सुरक्षित आहे?

वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही माणसाचा तोल घालवू शकते, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. कॉजवे पाण्याखाली गेला की त्याची बाजू खचली आहे की नाही हे दिसत नाही. विश्वामित्री आणि ढाढरमध्ये मगरींचा वावर असून पुरात त्या शेतांत आणि वस्तीत येतात; त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न न करता वनविभागाला कळवावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, माणसाला हालू न देता १०८ च्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे.

मदतीसाठी कोणते क्रमांक?

जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, आपत्कालीन सेवा ११२, रुग्णवाहिका १०८. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ६ वी बटालियन जिल्ह्यातच जरोद येथे आहे, पण तिला बोलावण्याचा मार्ग जिल्हा नियंत्रण कक्षातूनच जातो. फोन करताना गाव, फळिया, माणसांची संख्या आणि जवळची उंच खूण सांगावी.

सराव केव्हा घ्यावा?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. रात्रीच्या सरावातच कळते की शाळेची किल्ली कोणाकडे आहे.

पाणी ओसरल्यावर प्रथम काय करावे?

घरात पाऊल टाकण्यापूर्वी भिंती व विजेची जोडणी पाहावी. विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी शुद्धीकरण होईपर्यंत पिऊ नये. उकळून घ्यावे किंवा आरोग्य कार्यकर्तीने दिलेल्या क्लोरीनच्या गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात वापराव्यात. चिखल काढण्यापूर्वी घर, पीक आणि मेलेली जनावरे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण पंचनामा होईपर्यंत काही दिवस जाऊ शकतात आणि साफ केलेल्या अंगणात नुकसान दाखवता येत नाही. मृत जनावराच्या मदतीसाठी पशुवैद्याचा दाखला लागू शकतो, तो पुरण्याआधी घ्यावा. तलाटी पंचनाम्यासाठी येतील तेव्हा भागियाचे सामान आणि मालकाचे पीक यांची नोंद स्वतंत्रपणे होते आहे, याची खात्री मालकाने स्वतः उपस्थित राहून करावी. ७/१२ वर नाव नसलेल्या माणसाची भांडी, धान्य आणि शेळ्या अन्यथा कोणाच्याच कागदावर येत नाहीत.